मीटिंगमधला दिगंबर

दिगूदादा, तुळश्याचा नमस्कार.

आईला सांग, मी रत्नागिरीत बरा आहे, दोन वेळा जेवतो. तिचे गुडघे कसे आहेत? दारू सोडायच्या मीटिंगला जातो. दोन महिने थेंब घेतला नाय.

तुला मात्र खरं सांगतो. पहिल्या दिवशी मस्करीत मी तिथं तुझं नाव सांगितलं. आता सगळे मला दिगंबर म्हणतात, टाळ्या पण दिगंबरलाच वाजवतात. खरं बोललो तर माझे दोन महिने पण खोटे वाटतील त्यांना. गप्प बसलो की जीव गुदमरतो, मग बारची गल्ली आठवते.

रविवारी घरचं माणूस आणायला सांगितलंय. तूच ये. आणि दारातनंच मला हाक मार, माझ्या नावानं.

तुझा वात्रट भाऊ,
तुळश्या