मंगळवारचा खवा

कळंब, रविवार

प्रिय जाईआक्का,

सप्रेम जयभीम. तू चौथीपर्यंतच शिकलीस म्हणून अक्षर मुद्दाम मोठं काढलंय, शाळेत फळ्यावर काढायचो तसं. हे पत्र अमरदीपकडून वाचून घेऊ नकोस. तुझा पोरगा गुणाचा आहे, पण हे तू एकटीनं वाचायचं आहे. चष्मा लाव, सावकाश वाच. तू फोन उचलत नाहीस म्हणून हा उद्योग.

आधी बातमी. काल रक्ताचा रिपोर्ट आला. गळ्यातल्या ग्रंथी काढायला मला सोलापूरला न्यावं लागेल असं चाललं होतं ना, ते रद्द झालं. डॉक्टरांनी कागद दोनदा पाहिला आणि म्हणाले, "गुरुजी, आता ऑपरेशनची गरज न्हाय." भाग्यश्री, तुझी भावजय, तिथंच बाकावर बसून रडली आणि वर मलाच म्हणाली, "तुमी कशाला रडताय?" मला इतकं हलकं वाटलं की रिक्षा न करता घरापर्यंत चालत आलो. अंगाची खाजही गेली. दोन वर्षं म्हशीसारखी दाराच्या चौकटीला पाठ घासत होतो. आता चौकटीला नवा रंग द्यायला हरकत नाही.

डॉक्टरांनी समजावलं ते तुलाही समजावतो. मास्तराची खोड आहे, सोसून घे. दुधात, खव्यात फॉस्फरस असतो. चांगली किडनी जादाचा बाहेर टाकते. माझ्या तर कामातूनच गेल्यात, आणि डायलिसिसच्या मशीननंही तो पुरता निघत नाही. मग तो रक्तात साचतो. गळ्यात डाळीच्या दाण्याएवढ्या चार ग्रंथी असतात, त्या बिथरतात आणि हाडांतलं कॅल्शियम ओढून रक्तात आणत राहतात. म्हणून तर गेल्या वर्षी साधी घागर उचलताना माझं मनगट मोडलं. आणि मनगट मोडलं म्हणून तू दर मंगळवारी डायलिसिसला आणायचीस त्या डब्यातला खवा वाढवलास. हाडं ठिसूळ झाली तर दूधदुभतं चारावं, हे आपल्या भागात कोण नाकारील?

चैत्रातल्या त्या मंगळवारी नर्स वृषालीनं तुझा डबा उघडून पाहिला आणि सगळ्यांदेखत म्हणाली, "मावशी, ह्यांची हाडं तुमच्या खव्यानं पोखरली की." तू डबा पिशवीत घातलास आणि निघून गेलीस. मी मशीनवर होतो, उठता येत नव्हतं. पण सुई हाताला होती, तोंडाला नव्हती. तरी मी गप्प बसलो.

त्यानंतर तू आली नाहीस. वैशाख पौर्णिमेला विहारात खीर झाली, तेव्हाही नाही. अमरदीप सांगतो, आईनं खव्याची भट्टी बंद केली, सगळं दूध डेअरीला घालते आणि स्वतः कोरा चहा पिते. हे ऐकल्यापासून मला आई आजारी पडली ते वर्ष आठवतंय. ती दुसऱ्याच्या भट्टीवर कढई ढवळायला जायची. तिनं अंथरूण धरलं आणि तू शाळा सोडून तिच्या जागी उभी राहिलीस. ते लांब उलथनं तुझ्या खांद्याला लागायचं. मालक देईल ती कढईची खरवड पळसाच्या पानात बांधून आणायचीस आणि मी खाईपर्यंत समोर बसायचीस. "खा रं, म्या तिथंच खाल्लंय," म्हणायचीस. तू खाल्लेलं नसायचं, हे मला मोठेपणी कळलं.

आता मुद्द्याचं. रिपोर्ट चांगला आल्याचं आज ना उद्या तुझ्या कानावर जाईल, आणि तू म्हणशील, मी जायची थांबले म्हणून राजपाल सुधारला. त्याआधी हे पत्र पोचायला हवं. सोबत एक कागद आहे, दोन वर्षांपूर्वी दवाखान्यानं दिलेला. पहिल्याच ओळीत 'दूध, खवा, पेढे बंद' असं लिहून खाली रेघ मारलीय. तू विचारलं होतंस, "डॉक्टरला इचारलंस का रं?" मी म्हणालो, चालतंय. कागद चष्म्याच्या घरात घडी करून ठेवला होता. खव्याचं निमित्त गेलं, तर घर आणि जनावरं टाकून तू ईट गावाहून दोन एसट्या बदलत दर मंगळवारी येशील का, याची मला भीती वाटली. तू समोर बसून मला खाताना बघायचीस, त्याचा लोभ सुटला नाही. माझी हाडं मीच पोखरली, आक्का. तू फक्त माया केलीस. काल रात्री भाग्यश्रीला हे सांगितलं, ती अजून माझ्याशी बोलत नाही. वृषालीलाही सांगणार आहे. तू भट्टी पेटव, दूध घालून चहा पी. आणि या मंगळवारी ये, रिकाम्या हातानं ये. कागदाखाली तेव्हाच 'वाचले, समजले' असं लिहून सही केलेली आहे. अक्षर तू ओळखशील.

तुझाच धाकटा,
राजपाल