हात न लावता चालणारं मशीन

१२ नोव्हेंबर २००६

मोनानं आज मशीनचं मागचं झाकण उघडून आत डोकं घातलं. माझ्यादेखत! वीज बंद होती म्हणे. म्हणे!

मशीन बाळासोचं. बाळासो म्हणजे आमच्या हिचा धाकटा भाऊ, मोनाचा मामा. उद्यमनगरात पत्र्याची शेड, तीत दोन जुनी लेथ आणि एक लहानसं सीएनसी, म्हणजे संगणकावर चालणारं लेथ — तेही कुणीतरी वापरून विकलेलं. डिप्लोमा झाल्यापासून आमची कन्या तिथंच असते. लग्न पुढच्या महिन्यात, आणि हातांवर मेंदीच्या आधी ग्रीस. नाव मी मैत्रेयी ठेवलं होतं. बारशाला जमलेल्या बायकांनी त्याचं मोना केलं. या घरात आपलं काही चालणार नाही, हे तेव्हाच ओळखायला हवं होतं.

१४ नोव्हेंबर

शाळा सुटल्यावर पुन्हा गेलो. काम समजून घेतलं. भ्यायचंच तर कशाला भितो ते तरी कळावं.

एक लांब लोखंडी नळी. तिला धरणारा चक — तीन दातांची मूठच ती. बाळासो मशीनचं दार उघडतो, किल्लीनं चक सैल करतो, आत हात घालून नळी बोटभर पुढं ओढतो, चक आवळतो, दार लावतो, बटण दाबतो. नळी गरगर फिरते, तुकडा कापून खाली पडतो. पंपात बसायचा बुश, म्हणजे लोखंडी कडंच. तो पडला की पुन्हा दार. दिवसभर हेच. जप म्हणावा तर मणी ओढताना बोट जायची सोय आहे.

मोनाला हे सगळं कॉम्प्रेसरच्या हवेवर करायचंय. चक हवेनं उघडायचा आणि मिटायचा, नळी मागून हवेनंच ढकलली जायची. त्याला ती फीडर म्हणते. हात आत जायलाच नको. मी विचारलं, मामाला जन्मभर जमलं ते आता का नको?

"मामाला नळीचं टोक दिसत नाही, आण्णा. चाचपून धरतोय. मी सासरी गारगोटीला गेल्यावर कोण बघणार?"

बाळासोला शुगर आहे, ती डोळ्यांत उतरलीय. हिला अजून माहीत नाही. मला सांगून मोना मोकळी झाली.

खरं तर काळजी बाळासोची वाटायला हवी. रोजनिशीत खोटं कशाला लिहू? मला वाटते ती मोनाच्याच हातांची. अजून महिनाभर ते हात त्या मशीनच्या आतबाहेर करणार.

१६ नोव्हेंबर

नळी ढकलली जाते, धरली जाते, कापली जाते. कर्ता कुठंच नाही. नववीच्या पोरांना कर्मणि प्रयोग शिकवायला इतकं चांगलं उदाहरण वीस वर्षांत सापडलं नव्हतं. वर्गात सांगितलं. कुणी हसलं नाही.

१९ नोव्हेंबर

पहिली दोन पानं फाडली. हे तिसरं.

नळीची शेपटी मशीनच्या मागं लांब बाहेर राहते. तिला मोनानं लोखंडी पन्हळीत टेकू दिले होते. पहिल्यांदाच जोरात फिरवून बघणार होते. मी दारात. आधी नुसती गुणगुण. मग ती शेपटी वाकली — आणि चाबकासारखी फिरायला लागली! पन्हळ उडाली, पत्रा टरकन फाटला. मोनानं लाल बटणावर हात मारला तेव्हा ती नळी तिच्या डोक्यापासून वीतभर लांब होती. वीतभर! मी नंतर जाऊन स्वतः मोजलं.

मी पालथ्या घमेल्यावर बसलो. एवढी स्तोत्रं पाठ आहेत, एकाचाही पहिला चरण आठवेना.

बाळासो म्हणाला, "दाजी, पत्रा जुनाच हुता की." धीर द्यायची ही त्याची पद्धत.

मोनानं पन्हळ उचलून बाजूला ठेवली. मग म्हणाली, चूक माझी, टेकू लांब लांब बसवले. आता नळी अख्खीच्या अख्खी एका जाड पाइपातून आणणार आहे. म्हणजे हलली तरी आतल्या आत.

म्हणजे थांबणार नाही.

२० नोव्हेंबर

सांगून बघितलं. लग्न होऊ दे, मग कर काय करायचं ते. मोना म्हणाली, "लग्न झाल्यावर मला इकडं कोण सोडणार हाय?" गारगोटीची माणसं चांगली आहेत, पण सून मशीन उघडते हे चांगल्या माणसांनाही सांगावं लागतं. काल राजवीरचा — होणाऱ्या जावयाचा — फोन आला होता. मोना कुठाय? ही म्हणाली, ब्लाउज शिवायला टाकायला गेलीय. गेल्या आठवड्यातही तेच म्हणाली होती. त्याला वाटत असेल, सासरे दुकानच घालताहेत.

२३ नोव्हेंबर

आज गेलो नाही. घरात बसून जास्त भीती वाटते.

२७ नोव्हेंबर

नवी भीती. चक हवेवर धरतो. आणि लोडशेडिंगमध्ये कॉम्प्रेसर बंद पडला तर? हवा उतरली, मूठ सुटली, फिरती नळी मोकळी! हे मीच शोधून काढलं आणि मोठ्या ऐटीत मोनाला विचारलं. तिनं एक लहानशी डबी दाखवली. हवा कमी व्हायला लागली की ती आधी मशीन थांबवते. "शाब्बास आण्णा," म्हणाली. मी पोरांच्या वहीवर शेरा मारतो त्याच आवाजात.

५ डिसेंबर

आजचा दिवस नीट लिहून ठेवतो.

सकाळी कासार आला. हिच्या चिमणाबाई मावशीनं ठरवलं होतं — पुढं दिवस चांगला नाही, चुडा आजच भरायचा. मोनाचे दोन्ही हात हिरवेगार. चुडा भरला की उतरवायचा नाही, फुटू द्यायचा नाही आणि उंबऱ्याबाहेर पाऊल टाकायचं नाही.

दुपारी बाळासोचा फोन. नळी पुढं येते, पण कमी येते. तुकडे आखूड पडताहेत. मोना उठली. मावशी दारात आडवी. म्हणाली, बांगडी वाढली तर गारगोटीला काय तोंड दाखवायचं? मोना म्हणाली, आण्णा आहेत बरोबर. मला कुणी विचारलं नव्हतं. माझ्या डोळ्यांसमोर एकच चित्र — काचेची बांगडी, तिला धरणारे ते तीन दात. स्कूटरवर रस्ताभर मी मागं बघत होतो, ती अजून अख्खी आहे ना म्हणून.

शेडमध्ये ती मशीनपासून चार हात लांब उभी राहिली. हात मागं बांधून.

"बांगड्या घालून मशीनला शिवायचं नाही. हा नियम मीच केलाय."

मला एवढं हायसं वाटलं की सांगता येत नाही! पण आत एक स्टॉपर आहे, नळी त्याला येऊन टेकते. त्याचा बारीक स्क्रू फिरवायचा होता. बाळासोला तो दिसत नाही. मग दोघांनी माझ्याकडं बघितलं.

मी मागं वळून बघितलं. मागं कुणी नव्हतं.

मोनानं मेन स्विच खाली करायला लावला, त्याला कुलूप घालायला लावलं आणि कुलपाची किल्ली माझ्या खिशात टाकायला सांगितली. "ज्याचा हात आत, त्याच्याच खिशात किल्ली." घड्याळ काढलं. बाह्या वर केल्या. तरी हात आत जाईना. मशीन मेलेलं होतं, हे मला माहीत होतं, माझ्या हाताला माहीत नव्हतं.

"आण्णा, सावकाश. घाई नाही. अजून जरा उजवीकडं. हां."

किती शांत बोलते ही पोरगी! माझ्याकडून तर शिकली नाही. आत गार होतं, तेलकट. स्क्रू फिरवला. हात बाहेर काढला आणि बोटं पुन्हा पुन्हा बघितली.

बाळासो म्हणाला, "हजेरी घ्या दाजी. कोन गैरहजर न्हाय न्हवं?"

मग मशीन लावलं. चक उघडला, नळी आपण होऊन पुढं आली, टेकली, चक मिटला, तुकडा पडला. पुन्हा. पुन्हा. कुणी हात लावत नव्हतं. मोना रडत होती, आणि डोळे पुसायला हात वर केला की बांगड्या वाजत होत्या. एकही फुटली नाही.

६ डिसेंबर

झोप लागली.

१० डिसेंबर

लग्न झालं. मोना गेली. गाडीत बसताना सगळ्यांच्या पाया पडली. बाळासोजवळ आली तेव्हा एवढंच म्हणाली, "मामा, हात बाहेर." व्याह्यांना वाटलं, आमच्याकडची काही पद्धत असेल.

१४ डिसेंबर

शाळेतून सरळ शेडवर. सवयच झाली. भ्यायला काही उरलं नाही, तरी पाय तिकडंच वळतात.

मशीन आपलं आपण चाललंय. बाळासो स्टुलावर, हात मांडीवर. पाहुण्याच्या घरी बसल्यासारखा. नळी पुढं यायच्या वेळी अर्धा उठतो, पुन्हा बसतो. मी म्हटलं, आराम कर की.

"हातास्नी कामच न्हाय, दाजी. कसंतरीच वाटतंय."

चेष्टा केली — म्हटलं, संन्यास घेतलाय म्हण. तो हसला. मीही हसलो.

१९ डिसेंबर

बाळासोच्या उजव्या हाताची दोन बोटं गेली. नळी पुढं येताना दिसली आणि धरायला हात गेला. दार उघडं असलं की मशीन आपोआप थांबायचं; दाराला तसा स्विच होता. काचेतून नीट दिसत नाही म्हणून दार उघडं ठेवूनही चालावं असा त्यानं तो स्विच तारेनं बांधून ठेवला होता.

दवाखान्यातून घरी आलो, तोच मोनाचा फोन. फीडर कसा चाललाय, आण्णा?

अगदी बरोबर चाललाय, म्हणालो. खोटं नाही बोललो.