दुकान कोण बघणार?

मंगळवार, ४ मार्च

आली! मी शटर वर करतोय तर बाई आधीच पायरीवर उभी. डबा, पाण्याची बाटली आणि स्वतःची कात्री. स्वतःची कात्री घेऊन येणारं माणूस मला आवडतं. पण ती ठेवायची कुठे? इतक्या वर्षांत दुकानात दुसऱ्या कुणाच्या वस्तूला जागाच केलेली नाही. शेवटी खिळ्यावरचं माझं जाकीट काढलं आणि तिथे कात्री अडकवली.

मला 'मालक' म्हणाली. मी मागे वळून पाहिलं, कोण आलं म्हणून!

उद्योग कार्यालयाची योजना आहे, म्हणून हे धाडस. ज्याच्याकडे आजवर एकही नोकर नव्हता त्यानं पहिला माणूस ठेवला, तर वर्षभर अर्धा पगार ते देणार. प्रवासाच्या बॅगा दुरुस्त करून पोट भरणाऱ्याला पुरता पगार कुठून परवडायला!

एकट्यानं मोठमोठ्यानं बोलायची सवय लागलीय मला. चेनला शिव्या, चाकाला उपदेश. आता समोर बाई बसलेली. म्हणून ही वही.

बुधवार, ५ मार्च

आज तिला काही काम दिलं नाही. आधी बघू दे म्हटलं.

गुरुवार, ६ मार्च

आजही नाही.

शनिवार, ८ मार्च

पूर्वी तंबू शिवायच्या कारखान्यात होती. तो बंद पडला. 'मालक, माझा तंबू वादळात टिकायचा, तुमच्या बॅगेचं काय घेऊन बसलात!' म्हणून एका बॅगेचा पट्टा दिला शिवायला. शिवला. ती घरी गेल्यावर मी तो उसवला आणि पुन्हा शिवला. वाईट नव्हता. पण माझा नव्हता ना!

एक गंमत मात्र बघतोय. ही प्रत्येक गिऱ्हाइकाला विचारते, 'कुठे निघालात?' मी उभ्या आयुष्यात कुणाला विचारलं नाही. चाकाबद्दल बोलावं, पैसे घ्यावेत, बस्स. आणि लोक सांगतात! ज्यांना मी कित्येक वर्षं 'हँडल तुटलेले' एवढंच ओळखत होतो, ते गृहस्थ दरवर्षी दूरच्या एका तळ्यावर पक्षी बघायला जातात म्हणे. पोटावर दुर्बीण टेकवून उताणे पडून! मला काय काय ठाऊक नव्हतं!

सोमवार, १० मार्च

दुपारी भाचीचा फोन. ताईचं विसरणं वाढलंय. 'मामा, परवा आईनं शेजारच्या काकूंना विचारलं, ही मुलगी कोण? मी शेजारीच उभी होते हो! तुमचं नाव अजून घेते. या ना लवकर.'

मग ताई बोलली. 'कधी येतोस?'

'दुकान कोण बघणार?'

'तेही खरंच.'

दर आठवड्याचं हेच. वर्षानुवर्षं हेच! आज फोन ठेवला आणि समोर पाहिलं. बाई मान खाली घालून चेनचे रनर निवडत होती. ऐकलं असणारच.

शुक्रवार, १४ मार्च

उद्योग कार्यालयाचा अधिकारी आला, न सांगता. कोवळा पोरगा, काखेत हेल्मेट. मी गळ्यापर्यंत बॅगांत बुडालेलो आणि बाई चाकं पुसतेय! तीच चाकं, जी तिनं कालही पुसली होती.

'काका, या काय काम करतात?'

'शिकतायत.'

'काय?'

मी पुसलेल्या चाकांकडे पाहिलं. तो म्हणाला, 'अर्धा पगार आम्ही माणसाला काम मिळावं म्हणून देतो, शोभेला बसवून ठेवायला नाही. मी परत येईन. तेव्हाही हेच दिसलं तर मदत बंद.' मदत बंद म्हणजे बाई बंद. ते तिलाही कळलं.

तो गेल्यावर तिनं फडकं खाली ठेवलं. 'मालक, काम द्या नाहीतर जाऊ द्या. फुकटचा पगार अंगी लागत नाही. सासूबाई विचारतात, काय करतेस गं दिवसभर? काय सांगू?'

लाज वाटली. खरंच वाटली.

शनिवार, १५ मार्च

आज तिला एक अख्खी बॅग दिली. अस्तर, चेन, सगळं.

आणि तरी! जित्याची खोड. ती गेल्यावर बॅग मांडीवर घेतली आणि आतली एक शिवण उसवायला लागलो. निम्मी उसवल्यावर टोकाला दोन गाठी दिसल्या. दोन गाठी मी मारतो! ही बॅग मागेही माझ्याकडे आली होती. म्हणजे मी माझीच धडधाकट शिवण, दुसऱ्याची म्हणून, कापून काढली. आधी हसू आलं. मग नाही आलं.

सोमवार, १७ मार्च

सकाळी तिनं ती बॅग उघडून पाहिली. म्हणाली, 'मालक, मी दोऱ्याला मेण लावते. दुसऱ्या दिवशी माझ्या शिवणीला मेण नसतं.'

म्हणजे पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं! मी म्हटलं, 'चुकलं.' ती म्हणाली, 'तुम्ही थोडा वेळ बाहेर बसत जा. तुम्ही समोर असलात की माझे हात आखडतात.'

बाहेर? बाहेर जाऊन माणूस करतो काय?

मंगळवार, १८ मार्च

समोरच्या चहावाल्याकडे जाऊन बसलो. खिडकीतून दुकान दिसत होतं आणि एकदम डोक्यात आलं: मी बाहेर असतो तेव्हा दुकान बंद असतं. उघडं दुकान बाहेरून मी कधी पाहिलेलंच नाही!

केवढंसं आहे! पाटी एका बाजूनं उन्हात पांढरी पडलीय. गिऱ्हाइकापुढची फळी इतकी उंच की आत बसलेलं माणूस दिसत नाही, गिऱ्हाईक टाचा वर करून डोकावतं. बिचारे इतकी वर्षं माझ्यासाठी टाचा वर करत होते! बाईनं मशीन ओढून दाराशी, उजेडात घेतलं होतं. हे मला का नाही सुचलं?

लोक आले, गेले. माझ्यासाठी कुणी इकडेतिकडे पाहिलं नाही. वाईट वाटलं. मजाही वाटली.

चहावाला म्हणाला, 'आज दुकानाला सुट्टी?'

'दुकानाला नाही. मला.'

शुक्रवार, २१ मार्च

रोज तासभर चहा. पोटात आता चहाचंच तळं झालंय.

आज हेल्मेटवाला आला! मी कप हातात धरून खिडकीशी. आत गेला, काहीतरी विचारलं. बाई उठलीसुद्धा नाही. तिनं एका भल्यामोठ्या बॅगेचं टोक त्याच्या हातात दिलं. अधिकाऱ्याच्या हातात! आणि तो मुकाट्यानं टोक धरून उभा, ती शिवतेय. बाहेर आला तो हसतच.

सोमवार, २४ मार्च

मदत चालू राहणार. बाईनं सासूबाईंसाठी चपला घेतल्या.

आता माझी सबब संपली. इथे खोटं कशाला लिहू? निव्वळ दुकानामुळे जात नव्हतो असं नाही. आधी सवय होती. हल्ली भीती आहे. फोनवर ताईला माझा आवाज ओळखू येतो. समोर उभा राहिलो आणि ओळखलंच नाही तर? ती मला लहानपणी कडेवर घेऊन हिंडायची. तिनं 'कोण?' म्हटलं तर मी काय करणार?

गुरुवार, २७ मार्च

माझ्याकडे एक जुनी बॅग आहे, तिच्यात मी सुटी चाकं भरून ठेवतो. आज सकाळी येऊन पाहतो तर चाकं पत्र्याच्या डब्यात. बॅग पुसलेली, नवी चेन, शिवणीला मेण. फळीवर ठेवलेली, गिऱ्हाइकाची ठेवतात तशी.

बाई मशीनवरून मान वर न करता म्हणाली, 'कुठे निघालात?'

हे मला आजवर कुणी विचारलं नव्हतं. म्हटलं, 'ताईकडे.'

शुक्रवार, २८ मार्च

तिकीट काढलं. किल्ली बाईला दिली.

रविवार, ३० मार्च

गाडीत. डब्यात सगळ्यांच्या बॅगांची चाकं बघत बसलोय. समोरच्याचं एक चाक जेमतेम महिनाभर टिकेल. त्याला विचारलं, 'कुठे निघालात?' तासभर बोलत होता!

झोप नाही. दुकानाची काळजी नाही, दुसरीच आहे.

सोमवार, ३१ मार्च

पोचलो. दार ताईनंच उघडलं. भाची मागे, तोंडावर हात. ताईनं मला खालपासून वरपर्यंत पाहिलं. 'कोण पाहिजे?' मी बॅग खाली ठेवली. ती माझ्या सुईनं घट्टे पडलेल्या हातांकडे बघत राहिली. मग एकदम रागावून म्हणाली, 'अरे, मग दुकान कोण बघतंय?'