दुसऱ्या ओळीतला एफ

९ मार्च

आज गिटारच्या सरांनी माझ्या पावलावर वही ठेवली! पायाने ठेका धरायचा, हाताने तारा छेडायच्या, एवढंच काम. दर ठेक्याला वही हलली पाहिजे. पण एफ आला — एक बोट आडवं टाकून सगळ्या तारा दाबायच्या, तो कॉर्ड — की वही गप्प. बोटं जागेवर बसली की मग हलते. "काका, तुमचा पाय हाताची वाट बघतोय," सर म्हणाले. "उलटं हवं. हात चुकला तरी चालेल, पाय थांबता कामा नये."

सर माझ्याहून वीस वर्षांनी लहान. ते मला काका म्हणतात, मी त्यांना सर म्हणतो. दोघंही अवघडतो.

१० मार्च

हा उपद्व्याप कशासाठी, ते एकदा लिहून ठेवतो. ताईच्या घशाचं ऑपरेशन १२ मेला आहे. स्वरयंत्रच काढणार. डॉक्टरांनी आडपडदा ठेवला नाही — जीव वाचेल, आवाज राहणार नाही.

दवाखान्यातून बसने परत आलो. दाराशी किल्ली शोधताना ताई म्हणाली, "आईचं गाणं तेवढं रेकॉर्ड करून ठेवू. नुसतं गायलं तर उघडंबोडकं वाटेल. तू वाजव. ते गिटार काय शर्ट अडकवायला घेतलंयस?"

ते गाणं आईने स्वतःच जोडलेलं. कुठेही लिहिलेलं नाही. चाल फक्त ताईला येते. मला शब्दसुद्धा अर्धेमुर्धे. तरी मी हो म्हणून बसलो. दोन महिन्यांत माणूस काय काय शिकतो! मी काय शिकणार, देव जाणे.

१७ मार्च

मेट्रोनोम, म्हणजे ठेका मोजून देणारा डबा, लावून तासभर बसलो. तो टक टक करत राहतो आणि मी कधी पुढे, कधी मागे. त्याच्याबरोबर कधीच नाही. शेवटी त्याच्यावर उशी ठेवली.

२५ मार्च

चष्म्याच्या दुकानात कामाला आहे, तिथे काच घासताना पायाने ठेका धरला. काचेचा कोपरा उडाला. मालक म्हणाले, "पाय आवरा. गिऱ्हाइकाला दोन डोळे आहेत, एक नाही." नवी काच घेऊन पुन्हा घासली.

२ एप्रिल

आज सरांनी रिकामा हात शिकवला. म्हणजे तार वाजवायची नसली तरी हात खाली-वर जातच राहिला पाहिजे, तारेला न लागता. मी म्हटलं, वाजवायचंच नाही तर हलवायचा कशाला? सर म्हणाले, "काका, न वाजलेली मात्रासुद्धा मोजावी लागते."

मला ती कळली, पण जाणवली नाही. कळून काय उपयोग? पोहण्याबद्दल वाचून कोणी तरंगत नाही. बेचाळीस वर्षांचा घोडा झालो आणि चारपर्यंत मोजता येत नाही.

११ एप्रिल

जमलं! ताईसोबत पूर्ण गाणं वाजवलं! एफसुद्धा बरोबर जागेवर पडला. तिचा आवाज वरच्या पट्टीत चिरकतो, पण गाणं पूर्ण झालं. मी फोनवर रेकॉर्ड करून घेतलं. ताईने पाठीवर धपाटा घातला, "बघ, उगाच रडत होतास."

आज चहा मी केला. साखर विसरलो, तरी ती प्यायली.

१३ एप्रिल

सरांना रेकॉर्डिंग ऐकवलं. डोळे मिटून ऐकत होते. मला वाटलं, आता शाबासकी.

"ताई फार छान सांभाळून घेतात तुम्हाला," म्हणाले. मग मेट्रोनोम लावून पुन्हा ऐकवलं. प्रत्येक ओळीत, एफ यायच्या आधी, ताई शब्द लांबवते. मी पोहोचेपर्यंत. आणि ती श्वास घेते तिथे मी थांबतो. "दोघं एकमेकांना सांभाळताय. मग ताल कोणी सांभाळायचा?"

मी लहानपणी शाळेत जाताना बुटाची नाडी बांधायला खाली बसलो की ताई मागे न बघताच थांबायची. मी हाक मारायचो नाही, तरी. चाळीशी उलटली आणि अजून तेच चाललंय. तिला सांगितलं नाही. काय सांगू?

१९ एप्रिल

शेवटी सांगितलंच. "तू एकटी गा. तशीच रेकॉर्ड करू. मी नंतर शिकेन." ऐकते कुठली! "एवढा शिकलायस, आता माघार नाही. आणखी पंधरा दिवस." मी जोर लावून सांगायला हवं होतं. नाही लावला. मनातून मलाही वाजवायचं होतं. सरळ लिहितो — मला मिरवायचं होतं.

२८ एप्रिल

ताईचा आवाज बसला. सकाळी मला हाक मारली ती ऐकूच आली नाही. भांडं वाजवलं तेव्हा मी वळलो. डॉक्टर म्हणतात, आता गायचा प्रयत्नही नको.

म्हणजे ते एकच रेकॉर्डिंग. लंगडं.

३० एप्रिल

आधीच घ्यायला हवं होतं. मार्चमध्ये आवाज गाण्याइतका तरी होता. माझ्या हाताची वाट बघत बसलो आणि गाणं गेलं. आता जन्मभर आईचं गाणं ऐकायचं म्हणजे ताईच्या आवाजात माझी चूक ऐकायची.

क्लासला गेलो नाही.

७ मे

सरांचा फोन आला. उचलला नाही.

१२ मे

सहा तास. बाहेर बाकावर बसून होतो. डॉक्टर म्हणाले, सगळं व्यवस्थित झालं. मी हात जोडले. मग पायऱ्यांवर जाऊन रडलो.

१५ मे

ताई पाटीवर लिहिते. पहिलं वाक्य — "जेवलास का." दुसरं — "क्लास बुडवू नको."

आता कशाला, असं विचारणार होतो. पाटी पुसून तिच्या हातात दिली.

२२ मे

गेलो क्लासला. सरांनी पायावर वही ठेवली. जीव नव्हता त्यात, तरी वाजवत राहिलो. कोणासाठी घाई नाही, कोणासाठी थांबणं नाही. वही सगळा वेळ हलत होती. सरच खूष झाले. मी नाही.

६ जून

आज ताईसमोर बसून वाजवलं. तिने गाणं नुसतं ओठांनी म्हटलं. पाय एकदाही थांबला नाही. दुसऱ्या ओळीत, एफ यायच्या आधी, तिचे ओठ माझ्यासाठी थांबले. मी पुढे निघून गेलो होतो.