शिंपीकाकांची भूक

१२ फेब्रुवारी

ती. मावशीस, सा. न. वि. वि.

मी ठीक आहे, जेवते आहे. मात्र माझी पीएचडी मेलेल्यांवर आहे असं चारचौघांत सांगणं थांबव. मी मागे राहिलेल्यांचा अभ्यास करते.

काल मात्र त्याचीच किळस आली. एका म्हाताऱ्या शिंपीकाकांनी मला बायकोच्या शेवटच्या दिवसाबद्दल सांगितलं होतं. ती गेली आणि त्यांना सपाटून भूक लागली. दवाखान्यातलं तिचं ताट तसंच होतं. ते त्यांनी तिच्या उशाशी बसून संपवलं. पोटच्या मुलालाही हे ठाऊक नाही. हे रेकॉर्डिंग माझ्याशिवाय कुणी ऐकणार नाही, असा मी शब्द दिला होता.

माझ्या मार्गदर्शक सरांनी अभ्यासासाठी त्याचे तुकडे पाडायला म्हणून ते मागून घेतलं आणि परिसंवादात सगळ्यांसमोर लावलं. लोक बिस्किटं खात होते. ताटाचं ऐकून हशा पिकला. सर म्हणाले की असा मासला नशिबानंच हाती लागतो.

तुझी माया आहेच, ती राहू दे.
तुझी भाची

१९ फेब्रुवारी

चि. भाचीस, अ. उ. आ.

पत्र वाचून अंगावर शिसारी आली. मढ्याच्या टाळूवरचं लोणी खाणारे म्हणतात ते हेच. आमचे हे गेले तेव्हा भेटायला आलेल्या बायका मी किती रडते ते बघत बसल्या होत्या. तुझे सर त्यांच्याच पंगतीतले, फक्त शिकलेले.

पण मला पत्र लिहून तुझं मन हलकं होईल, त्या माणसाचं काय? त्यांना बाहेरून कळण्याआधी तूच जाऊन सांग. चार शब्द ऐकावे लागतील, ते ऐक. आणि उपाशी जाऊ नकोस, चक्कर येते तुला.

तुझीच, रागावली तरी तुझीच,
मावशी

४ मार्च

ती. मावशीस, सा. न. वि. वि.

गेले होते. काकांनी शिलाई मशीन थांबवून सगळं ऐकून घेतलं. लोक कशाला हसले, एवढंच विचारलं. मी सांगितलं. ते म्हणाले की त्यांनी एका शिकणाऱ्या मुलीला सांगितलं होतं, सभेला नाही. मग रेकॉर्डिंग माझ्याकडून स्वतःसमोर पुसून घेतलं, सरांकडचंही पुसायला लावायचं कबूल करून घेतलं, आणि पुन्हा येऊ नकोस म्हणाले. चिडले असते तर बरं झालं असतं.

तिथून सरांकडे गेले. त्यांनी त्यांच्याकडचं लगेच पुसलं, खळखळ न करता. म्हणाले की एवढं मनाला काय लावून घ्यायचं, विधुरांना काय तोटा आहे, दुसरा शोध.

जिन्यात मला उलटी झाली. तोंड धुतलं आणि तशीच विभागप्रमुखांकडे जाऊन दुसरे मार्गदर्शक मागितले. त्यांनी बजावलं की वर्ष फुकट जाईल, सरांशी वैरही येईल. मी अर्जावर सही केली.

काकांच्या दारावरून आता मला जाता येत नाही, लांबून वळसा घालते.

रागाइतकीच माया कर.
तुझी भाची