दोन परमँगनेट, तीन पेरॉक्साइड

सोमवार, ४ मार्च

सत्तेचाळीस पेपर तपासले. एकेक नग! हायड्रोजन पेरॉक्साइड फुटलं की पाणी आणि ऑक्सिजन — एवढंही धड लिहिता येत नाही. समीकरण जुळेना म्हणून एका दिवट्याने पाण्यालाच जादा ऑक्सिजन चिकटवला. म्हणजे झालं की पुन्हा पेरॉक्साइड! कपाळ.

परमँगनेटच्या प्रश्नात शेवटच्या बाकावरच्या मुलीने पेरॉक्साइडपुढे पाच लिहिलेत. पाहिजेत तीन. अणू मोजा, दोन्हीकडे तंतोतंत जुळतात. सव्वीस वर्षं हेच शिकवतोय. दोन गुण कापले. नेमकी दोनांनीच नापास झाली, वर्ष गेलं. भोगा म्हणावं!

मंगळवार, ५ मार्च

तिची आई आली होती. "सर, पुस्तकात पाचच आहेत हो." पुस्तक छापणाऱ्यांना काय अक्कल!

आमच्या थोरलीनेही बारावीत असाच पाचाचा हट्ट धरला होता. भर वर्गात असं झापलं की पुन्हा विज्ञानाचं नाव काढलं नाही. आता कापडाच्या दुकानात दिवसभर ठाणं उलगडते.

बुधवार, ६ मार्च

नवी बाई — नोकरीला वर्षही झालं नाही — स्टाफरूममध्ये सगळ्यांदेखत म्हणते, "सर, अणू तीननेही जुळतात, पाचनेही. इलेक्ट्रॉन मात्र पाचनेच जुळतात. एकदा करूनच बघू या ना?"

दीडशहाणी! म्हटलं, होऊन जाऊ दे.

गुरुवार, ७ मार्च

प्रयोगशाळेत गेलो. काचेच्या नळीतून पेरॉक्साइडमध्ये थेंबथेंब परमँगनेट सोडलं. माझ्या हिशेबाने वीस मिली परमँगनेट जिरायला हवं. बारालाच गुलाबी रंग टिकला, म्हणजे पेरॉक्साइड संपलं. पेरॉक्साइड शिळं असणार, दुसरं काय! उघडलेल्या बाटलीत त्याचा जोर उतरतोच. बाईंना एवढंही कळत नाही.

शुक्रवार, ८ मार्च

नवी बाटली. सील मीच फोडलं. बारा. पुन्हा बारा. तिसऱ्यांदाही बारा.

तेवढ्याच पेरॉक्साइडला विसाच्या जागी बारा, म्हणजे दोन परमँगनेटमागे तिनाच्या जागी पाच. कागदावर चार वेळा करून पाहिलं.

बाईने काचेची नळी धुतली. टोमणा मारला असता तर बरं झालं असतं, निदान भांडता आलं असतं.

शनिवार, ९ मार्च

मुलीचे दोन गुण दिले. पास. घरी थोरली कपड्यांच्या घड्या घालत होती. कसंबसं म्हटलं, "पाचच बरोबर होतं."

तिने मानही वर केली नाही. "माहीत आहे, बाबा. मी तेव्हाच करून बघितलं होतं."