चार मागांचा कोपरा

ता. ३ डिसेंबर १९३२, सोलापूर

दगडूचा समोरचा दुसरा दातही आज हलला. गिरणीच्या साळखात्यात, जिथं कापड विणलं जातं, माझ्या देखरेखीखालच्या मागांवर हा सगळ्यात जुना विणकर. आडवं सूत नेणाऱ्या धोट्यातली सुताची कांडी संपली की नवी घालायची, आणि सुताचं टोक धोट्याच्या भोकाला तोंड लावून ओढून घ्यायचं. दिवसभर हेच. सुताची कुसं, रंग, सगळं घशात. खोकला तर सगळ्यांनाच.

धोट्याला वरून भोकापर्यंत एक चीर पाडली तर सूत बोटानं आत बसेल. तोंड लावायला नको. मी सुताराचा मुलगा, लाकूड मला कळतं. हे होणार.

ता. ६ डिसेंबर

मास्तरांना सांगितलं. सगळं साळखातं त्यांच्या हाताखाली. माणूस वाईट नाही, ऐकून घेतलं.

"चांगलं आहे. कागदावर दे. मी मॅनेजरसाहेबांना देईन, ते मुंबईच्या हापिसात पाठवतील."

"आधी एक करून बघू की."

"एक वेगळा धोटा हजारात मिसळला तर शोधणार कोण? इथं एक बदल म्हणजे हजार बदल."

खरं आहे तेही. कागद दिला.

ता. ११ डिसेंबर

सुट्टी. शुक्रवार पेठेत नरसय्याकडं गेलो. त्याच्या घरातच दोन हातमाग. बिघडले की सुट्टीच्या दिवशी मीच दुरुस्त करतो. त्याला चिरीचं सांगितलं. त्यानं कुणाला विचारलं नाही, कागद मागितला नाही. चालू मागावरचा धोटा काढून माझ्या हातात दिला. "काप, मेस्त्री."

दुपारपर्यंत तीन धोटे वाया. सूत उडून बाहेर. मग त्याच्या बायकोनं, लक्ष्मव्वानं, धोटा हातात घेतला, वीतभर विणून बघितलं. म्हणाली, "सरळ कशाला कापता? इथं वळवा की." बोटानं दाखवलं. वळवली. सूत राहिलं!

मी आठ दिवस डोकं खाजवत होतो. तिला दोन घटका लागल्या. रोज तोंड लावते ती, तिलाच कळणार.

ता. १९ डिसेंबर

वाईट झालं. नरसय्याकडचा धोटा चिरीपाशी फुटला, ताण्यात, मागावरच्या उभ्या धाग्यांत, घुसला. मागणीच्या लुगड्याचा ताणा, पाऊण तुटला. मी गेलो तेव्हा नवराबायको एकेक धागा सांधत बसलेली. रागावला नाही. म्हणाला, "आता नको, मेस्त्री. मला दुसरा ताणा न्हाय."

गिरणीत एक ताणा तुटला तर मुकादम जॉबर शिवी देऊन पुढं जातो. इथं सगळं घर थांबलं. चुकायला ऐपत लागते. ती गिरणीला आहे. कणखर लाकूड, लेथ, बारीक कानस, तेही सगळं गिरणीतच, कुलपात. आणि ऐकून घेणारा कान शुक्रवार पेठेत. अशी फाटाफूट.

मुंबईहून उत्तर नाही.

ता. २ जानेवारी १९३३

मास्तरांपुढं सगळं कबूल केलं, फुटलेल्या धोट्यासकट. म्हटलं, मला हजार माग नकोत. खिडकीकडचे चार द्या. दगडू आणि तिघं. धोटे वेगळ्या रंगाचे करतो, मिसळणार नाहीत. मधे कुणी विचारणारा नको, फक्त तुम्ही.

 मास्तरांनी तिथंच चिठ्ठी लिहिली, कामाचं नाव 'दुरुस्ती'. म्हणाले, "दुरुस्तीला मुंबई लागत नाही."

ता. १३ जानेवारी

गड्ड्याची जत्रा, गावातली सगळ्यात मोठी, निम्मं साळखातं रिकामं. आमचे चारही माग चालू. सकाळी दगडू तक्रार सांगतो, दुपारी मी कानशीनं बदलतो, संध्याकाळी तो पुन्हा नावं ठेवतो. हा सातवा आकार. बाकीचे लोक चेष्टा करतात. करू देत.

ता. २१ जानेवारी

अकरावा आकार टिकला. चार दिवस, चार माग, एकही धोटा फुटला नाही. लक्ष्मव्वाचं वळण तसंच ठेवलंय, फक्त लाकूड कणखर आणि चिरीच्या कडेला पितळेची पट्टी.

दगडू जेवायला बसला, म्हणाला, "मेस्त्री, भाकरीला भाकरीची चव लागतीया बगा." इतकंच. मला पुष्कळ झालं.

ता. १२ फेब्रुवारी

मास्तरांना विचारून दोन धोटे नरसय्याकडं नेले. लक्ष्मव्वा धोटा उलटसुलट करून बघत होती. आपलं वळण ओळखलं, हसली. नरसय्या म्हणाला, "गिरणी सोडा. आपण दोघं धोटेच करू. विहिरीजवळची जागा देतो. पेठेतले सगळे माग घेतील." गमतीनं नव्हतं.

ता. २० फेब्रुवारी

मुंबईहून मोठे साहेब आले. चार माग बघितले, लगेच मंजूर. सगळ्या साळखात्यात हाच धोटा. हजार माणसांचं तोंड सुतापासून सुटलं. नरसय्याला हे सात जन्मांत जमलं नसतं. मला आनंद झाला, खोटं कशाला लिहू.

मग साहेबांनी धोट्याच्या नकाशावर शिक्का मारला. आता फेरफार नाही. चार माग परत रांगेत, मी परत माझ्या कामावर.

ता. २७ फेब्रुवारी

दगडूची तक्रार: जाड सूत चिरीत अडकतं. चार मागांचा कोपरा असता तर दुपारपर्यंत संपलं असतं. आता अर्ज. मी वेगळाच अर्ज लिहिला: चार माग कायम बाजूला ठेवा, तिथं चुकायची मुभा द्या, विणकराचं पहिलं ऐका, आणि विचारायचं ते फक्त मास्तरांना. मास्तरांनी दोनदा वाचला. "पाठवतो. माझ्या हातात नाही हे."

ता. ६ मार्च

उत्तर नाही. नरसय्यानं विहिरीजवळची लाकडं हलवून जागा मोकळी केली. त्याला पाडव्यापर्यंतची मुदत मागितली. घरी हिला विचारलं. म्हणाली, "कुटंबी गेलासा तरी हात तुमचंच न्हवं?" ते खरं. धोटा मी कुठंही करीन, त्याची भीती नाही. प्रश्न ऐकणार कोण आणि चूक झेपणार कुणाला, एवढाच.

दुपारच्या सुट्टीत दगडू आला. "तुमी गेलासा तर धोट्याचं आमी कुणाला सांगायचं?"

म्हटलं, "जायचं की नाही ते अजून ठरलं नाही. तो जाड सुताचा धोटा आण इकडं."